मीटरच्या अलीकडे, मीटरच्या पलीकडे

दिवाळी सरली की गोंदिया जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. गावोगावी दंडार, रात्रभर रंगणारी झाडीपट्टीची नाटकं आणि पाहुण्यांनी भरलेली घरं. याच दिवसांत धान कापून होतो. बांध्यांत पुंजणे रचले जातात, आणि मळणी झाली की तणस घराकडे येतं. कुणी ते कोठ्याच्या माथ्यावर चढवतो, कुणी सांदवाडीत ढीग मारतो. गावातली सगळ्यांत पेटाऊ वस्तू अशी ऐन सणात घराला टेकून उभी राहते. डोक्यावरून विजेची तार गेलेली, पलीकडे चूल आणि अंगणात पोरांचे उरलेसुरले फटाके.

मग एखाद्या सकाळी जिल्ह्याच्या पानावर छोटी चौकट दिसते. कुठे घर जळालेलं असतं, कुठे गोठा, कुठे वर्षाचं धान. कुणी भाजलेलं असतं. नुकसानीचा आकडा येतो, तलाठ्याने पंचनामा केल्याचं येतं आणि शेवटी ठरलेलं वाक्य येतं : आग शॉर्टसर्किटमुळे लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.

हा लेख त्या वाक्याविषयी आहे. त्यातला ‘प्राथमिक’ हा शब्द पुढे गळून पडतो आणि ‘अंदाज’ निष्कर्ष होऊन बसतो. मग ‘शॉर्टसर्किट’ हे पाऊस किंवा वीज कोसळण्यासारखं होतं. कुणी केलेलं नाही, आपोआप झालेलं. ज्या घटनेला कर्ता नाही तिची भरपाई कुणाकडे मागणार?

तार कुणाची?

शॉर्टसर्किट म्हणजे फेज आणि न्यूट्रल या दोन तारांची नको तिथे झालेली गाठ. वीज वापराच्या उपकरणातून न जाता जवळच्या वाटेने धावते, प्रवाह एकदम वाढतो आणि तार तापते. हे अनेकदा आगीचं कारण असतं. पण कित्येकदा ते आगीचं फळही असतं. आग चुलीतल्या निखाऱ्याने लागते, ज्वाळा भिंतीवर चढतात, तारेचं प्लास्टिक वितळतं, आतल्या दोन्ही तारा एकमेकींना टेकतात आणि ठिणग्या उडतात. शेजारी धावत येतो तेव्हा त्याला या ठिणग्याच दिसतात. साक्षही तो तीच देतो, आणि त्यात खोटं काही नसतं.

कोणतं आधी घडलं हे ठरवायची साधनं आहेत. तांबं 1085 अंश सेल्सिअसला वितळतं. चटकन वितळून थिजलेल्या तारेच्या टोकावर मण्यासारखी गाठ राहते, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तिची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करता येते. त्यासाठी ती तार जागेवर मिळायला हवी. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी नातेवाईक येतात, मलबा उचलतात आणि जळकं तांबं भंगारात जातं. भाव चांगला येतो म्हणून पुरावा आधी विकला जातो.

त्यातून आग शॉर्टसर्किटनेच लागली हे पक्कं झालं तरी खरा प्रश्न पुढेच असतो : शॉर्टसर्किट कुणाच्या तारेत झालं? कायद्याच्या नजरेने पाहिलं तर घरातली सर्वांत महत्त्वाची सीमा उंबरठ्याची नाही, मीटरची आहे. खांबावरून मीटरपर्यंत येणारी तार वीजपुरवठादाराच्या, म्हणजे आपल्याकडे महावितरणच्या जबाबदारीत मोडते. मीटरपासून पुढची तारजोडणी घरमालकाची.

ही सीमा दिसते तितकी सरळ नसते. समजा खांबावरचा न्यूट्रल तुटला. तसं झालं की काही घरांत 230 व्होल्टच्या जागी जवळपास 400 व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. एका आळीतले बल्ब एकाच वेळी लखकन पेटून फुटतात, टीव्ही जळतात, आणि एखाद्या घरात फ्रिजमागे आग धरते. आग लागली मीटरच्या पलीकडे, कारण मीटरच्या अलीकडे. अशा वेळी शेजाऱ्यांचे जळालेले बल्ब हा तुमच्या घराचा पुरावा असतो. पण पंचनामा होतो फक्त जळालेल्या घराचा. शेजारी बिचारे निमूटपणे नवे बल्ब आणून लावतात.

जबलपूरची तार, दिल्लीचं रोहित्र

गोंदियाहून बालाघाटमार्गे जबलपूरला रेल्वे जाते. त्या जबलपूरचा एक खटला आपल्या प्रत्येक गावात माहीत असायला हवा. 1997 च्या पावसाळ्यात रात्री सायकलने घरी निघालेला एक माणूस रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेला लागून मेला. वीज मंडळाचं म्हणणं होतं की कुणीतरी त्या तारेवरून चोरून वीज घेतली होती, त्यामुळे तार तुटली, आमचा दोष काय? मध्य प्रदेश विद्युत मंडळ विरुद्ध शैलकुमारी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली हे म्हणणं फेटाळलं. वीज ही मुळात धोक्याची वस्तू आहे. जो ती पुरवतो त्याने ती निसटू न देण्याची जबाबदारी घेतली पाहिजे, आणि निसटून कुणाला इजा झाली तर निष्काळजीपणा सिद्ध होण्याची वाट न पाहता भरपाई द्यावी लागेल, असं न्यायालयाने सांगितलं.

लोंबकळत्या तारेची ठिणगी पुंजण्यावर पडली किंवा वाऱ्याने दोन तारा घासून खालचं तणस पेटलं, तर वकिलाला सगळ्यांत आधी हाच निकाल आठवायला हवा. कुणीतरी आकडा टाकला होता, हे उत्तर तिथे पुरत नाही. मात्र ठिणगी तारेतूनच पडली हे दाखवणं मागणाऱ्यावरच राहतं.

दुसरं उदाहरण दिल्लीचं. 13 जून 1997 रोजी उपहार चित्रपटगृहात आग लागून 59 माणसं गेली. आगीचं मूळ तळमजल्यावरच्या वीज मंडळाच्या रोहित्रात होतं. पण माणसं मेली ती मुख्यतः धुराने आणि बाहेर पडायच्या वाटा अडल्याने, आणि त्या वाटा अडवल्या होत्या चित्रपटगृहाने. मृतांच्या नातेवाइकांनी संघटना बांधली आणि कोर्टाची पायरी सोडली नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा भार वाटून दिला : 85 टक्के चित्रपटगृहाच्या मालकांवर, 15 टक्के वीज मंडळावर. वीस वर्षांवरील मृतामागे 10 लाख, त्याहून लहान मृतामागे साडेसात लाख आणि जखमींना प्रत्येकी 1 लाख. उच्च न्यायालयाने ठरवलेल्या रकमेहून ही कमी होती आणि मधे 14 वर्षं गेली होती. तरीही ‘तार कुणाची’ या प्रश्नाला टक्क्यांत उत्तर मिळालं.

गोंदियाची पहाट, भंडाऱ्याची रात्र

आपल्याही जिल्ह्याने मोठी आग पाहिली आहे. 21 डिसेंबर 2016 च्या पहाटे गोंदियाच्या भर बाजारपेठेतल्या बिंदल प्लाझा हॉटेलला आग लागली आणि सात जणांचा जीव गेला. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम तेव्हा अस्तित्वात होता. कायदा 2006 चा, लागू झाला डिसेंबर 2008 मध्ये. त्याने इमारतीचा मालक आणि भोगवटादार या दोघांवर जबाबदारी टाकली आहे, आणि आगीची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत देणं बंधनकारक केलं आहे.

मग 9 जानेवारी 2021. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात मध्यरात्रीनंतर नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बाळं दगावली. गोंदिया 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण सोयरिकी आणि दवाखाने अजून एकच आहेत. ती रात्र इकडच्या घरांतही जागून निघाली. त्याच दिवशी राज्य सरकारने प्रत्येक बाळामागे 5 लाखांची मदत जाहीर केली, पुढे केंद्राकडून 2 लाख.

या दोन आगींची आठवण दुसऱ्याच कारणासाठी. मोठ्या आगीला मंत्री येतात, कॅमेरे येतात, चौकशी समिती बसते. पण राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाचे वार्षिक अहवाल पाहिले तर आगीने होणाऱ्या मृत्यूंतला मोठा, कित्येक वर्षी निम्म्याहून जास्त, वाटा राहत्या घरांचा दिसतो. एकेक, दोन-दोन, सुटेसुटे. कवेलूच्या घराकडे कुणी जानेवारी-जुलैचं प्रमाणपत्र मागत नाही. आग विझवणं हे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीने नगरपालिकांचं काम मानलं आहे, त्यामुळे सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावाला शहरातून बंब येईपर्यंत विहीर आणि शेजार यांचाच आधार. आणि आग विझल्यावर तिथे येणारा पहिला सरकारी माणूस तलाठी असतो.

मदत वेगळी, भरपाई वेगळी

तलाठ्याचा पंचनामा तहसीलदाराकडे जातो आणि तिथून मदत मिळते. हिचा आधार राज्य आपत्ती प्रतिसाद निधी. या निधीच्या आपत्तींच्या यादीत पूर आणि गारपिटीबरोबर ‘आग’ही आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. केंद्राच्या 2022 ते 2026 या काळासाठीच्या निकषांत मृत्यूला 4 लाख रुपये आहेत. साठ टक्क्यांहून जास्त अपंगत्वाला अडीच लाख, चाळीस ते साठ टक्क्यांना 74 हजार. गंभीर जखमी होऊन आठवड्याहून जास्त दवाखान्यात राहावं लागलं तर 16 हजार, कमी असेल तर 5,400. सपाटीवरचं घर पूर्ण पडलं तर 1 लाख 20 हजार, झोपडीला 8 हजार, गोठ्याला 3 हजार. दुभती गाय किंवा म्हैस गेली तर 37,500.

आकडे वाचून हसावं की रडावं कळत नाही, पण ते सोडू नयेत. मात्र ते काय आहेत हे नीट समजून घ्यावं. ही मदत आहे. चूक कुणाची हे न विचारता सरकार ती देतं. भरपाई ही चूक करणाऱ्याने, किंवा धोक्याची वस्तू बाळगणाऱ्याने द्यायची असते. ती हक्काने मागायची असते आणि ती जळालेल्या हाताची पुढच्या तीस वर्षांची मजुरी मोजते. मदत घेतली म्हणून भरपाईचा हक्क संपत नाही. गावात मात्र मदतीचा चेक आला की प्रकरण मिटलं असं दोन्ही बाजू धरून चालतात. देणाराही आणि घेणाराही.

मदतीसाठी ‘आगीत घर जळाले’ एवढं पंचनाम्यात असलं की भागतं. भरपाईसाठी तेवढं पुरत नाही. आग कुठून सुरू झाली, मीटर जळालं की शाबूत राहिलं, खांबावरून येणारी तार कुठे तुटली, शेजाऱ्यांकडे त्याच वेळी काय झालं, हे त्यात यायला हवं. पंचनाम्यावर सही करणाऱ्या घरमालकाला ‘हेही लिहा’ म्हणायचा पूर्ण अधिकार आहे. पोलिसांकडे आकस्मिक जळिताची नोंद होते, तिची प्रत घ्यावी. बंब आला असेल तर अग्निशमन विभागाचा दाखला घ्यावा. विजेमुळे माणूस किंवा जनावर दगावलं किंवा माणूस जखमी झाला, तर वीज कायदा 2003 च्या कलम 161 प्रमाणे विद्युत निरीक्षकाला कळवणं आवश्यक आहे आणि त्याच्यामार्फत चौकशी होऊ शकते. या माणसाला वीज कंपनीच्या ताराही तपासता येतात. जखमीच्या घरच्यांनी त्याच्याकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि अहवालाची प्रत मागावी. बाकी सगळे कागद अंदाज सांगतात. कारण शोधणं हे ज्याचं काम आहे, असा हा एकच.

हंडीचा विमा

आता गॅसकडे वळू. उज्ज्वला योजना 2016 मध्ये आली आणि चुलीशेजारी गॅसची हंडी आली. चूल गेली मात्र नाही. भात गॅसवर, आंघोळीचं पाणी सरपणावर. एकाच खोलीत उघडा जाळ आणि 14.2 किलो वायू.

हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो आणि उतार मिळेल तिकडे सरकतो. म्हणून वरची खिडकी उघडून भागत नाही, दारं उघडावी लागतात. वास आला की आधी चुलीतला जाळ आणि देवापुढचा दिवा विझवावा. बटण लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही, दोन्हीत ठिणगी असते. हंडीचा कॉक बंद करावा, माणसं बाहेर काढावीत आणि बाहेर आल्यावरच 1906 ला फोन करावा. नवी हंडी घेताना तिच्या मानेजवळच्या पट्टीवरचं अक्षर वाचावं : ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढचे अंक वर्षाचे. ती तारीख उलटलेली हंडी परत पाठवता येते.

बहुतेक घरांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की या हंडीसोबत विमा येतो. सरकारी तेल कंपन्यांनी उतरवलेल्या सार्वजनिक दायित्व विम्यात स्वयंपाकाच्या गॅसमुळे झालेल्या अपघातात मृत्यू झाल्यास माणशी 6 लाख, उपचारांसाठी माणशी 2 लाखांपर्यंत (एका घटनेत एकूण 30 लाख) आणि नोंदणीकृत पत्त्यावरच्या घराच्या नुकसानीसाठी 2 लाखांपर्यंत तरतूद आहे. ग्राहकाला वेगळा हप्ता नाही. मात्र अपघाताची लेखी खबर वितरकाला ताबडतोब द्यावी लागते. पुढे वितरक कंपनीला आणि कंपनी विमावाल्यांना कळवते. ही साखळी पहिल्याच कडीवर तुटते, कारण जळालेल्या घरातला माणूस वितरकाच्या दुकानी सगळ्यांत शेवटी पोहोचतो.

शेगडी, रेग्युलेटर किंवा फ्रिज सदोष निघून इजा झाली तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे उत्पादक, विक्रेता आणि दुरुस्ती करणारा यांच्याकडे भरपाई मागता येते. गोंदियात जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूची किंमत 5 लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत साधारणपणे दोन वर्षांची. जखम भरायला एक वर्ष जातं, मन भरायला दुसरं.

आणखी एक बंद करणारा शब्द

घरासाठी जसं ‘शॉर्टसर्किट’, तसं बाईसाठी ‘स्टोव्हचा भडका’. आता स्टोव्ह गेले. गॅसवर स्वयंपाक करताना पदर पेटला, असं लिहिलं जातं. पुष्कळदा ते खरंच असतं. नायलॉनचं कापड वितळून कातडीला चिकटतं, आणि स्वयंपाकघरात जळण्याची पाळी बाईवरच अधिक येते. पण हा शब्दही तपासाचं दार लावून घेतो. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई भाजून दगावली तर कायदा ते आपोआप अपघात मानत नाही, शवविच्छेदन आणि चौकशी सांगतो. भाजलेल्या माणसाचा जबाब पुढे मृत्युपूर्व जबाब म्हणून उभा राहू शकतो. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात 2002 मध्ये घटनापीठाने सांगितलं की डॉक्टरचा शेरा नाही एवढ्याच कारणाने असा जबाब फेकून देता येत नाही. रुग्ण शुद्धीवर होता हे इतर पुराव्यानेही दाखवता येतं. म्हणून जबाब होताना खाटेशी कोण उभं आहे, याला महत्त्व आहे. सासरचं कुणी नको, आणि एकदा दिलेल्या जबाबात ‘सुधारणा’ करून घ्यायला कुणी आलं तर त्याचीही नोंद हवी.

पहिले काही तास

भाजल्यावर पहिला उपाय साधं पाणी. थंड, वाहतं, वीस मिनिटं. हळद, टूथपेस्ट, शाई, दही, बर्फ यातलं काहीही नको. रुग्णाचा स्वतःचा पंजा, बोटांसकट, म्हणजे साधारण शरीराचा एक टक्का. या मापाने मोठ्या माणसाचं पंधरा आणि लहान मुलाचं दहा टक्क्यांवर भाजलं असेल तर सलाइन हवंच. तोंड किंवा हाताचे पंजे भाजले, किंवा धूर छातीत गेला, तर टक्के मोजत बसू नये. 108 ला फोन करावा. कुठल्याही डॉक्टरने आधी जीव वाचवावा आणि पोलिसी सोपस्कार मागाहून करावेत, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात 1989 सालीच सांगून ठेवलं आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांवरचे उपचार येतात आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे; दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला गाठावं.

जास्त भाजलेला रुग्ण इथून नागपूरला जातो. ‘मेडिकलला नेलं’ म्हणतात, त्या दोन शब्दांत सव्वाशेहून जास्त किलोमीटर असतात. रुग्ण जातो, पण कागद मागे राहतात. तिकडे मृत्यू झाला तर मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, तिकडच्या ठाण्यात दाखल होतो आणि घटना घडलेल्या ठाण्याकडे वर्ग व्हावा लागतो. कुणीतरी एकाने घरात बसून एक पिशवी करावी : इकडच्या दवाखान्याची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, रेफरची चिठ्ठी, बिलं, जखमांचे तारखेनिशी फोटो, पंचनामा, वितरकाची पोच. बरा झाल्यावर हाताची बोटं आखडली, मान वळेनाशी झाली, तर तेही नोंदवावं. चलनवलनातलं कायमचं न्यून अपंगत्वाच्या प्रमाणपत्राला पात्र ठरू शकतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न विचारता तिथे मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा फोन 15100.

रंगकामाच्या दिवशी

आग लागू नये यासाठीची यादी लांब नाही. तणस घरापासून आणि तारेखालून दूर. चुलीतली राख पाणी शिंपडून मगच उकिरड्यावर. फ्यूज उडाला की जाड तार अडकवू नये. तो उडतो म्हणून घर राहतं. मीटरनंतर एमसीबी आणि गळता प्रवाह ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी. मोबाइल गादीवर चार्जिंगला नको. खिडकीला पक्की जाळी ठोकली असेल तर बाहेर पडायची दुसरी वाट कोणती, हे घरातल्या लहान पोरालाही सांगता यावं.

हे सगळं करूनही आग लागू शकते, कारण तारेचा अर्धा भाग आपल्या हातात नाही. म्हणून एक काम अजून. दिवाळीआधी घर रंगवायला काढतो तेव्हा भिंती मोकळ्या होतात, देवांचे फोटो उतरतात, कपाटं सरकतात आणि वर्षभर झाकलेलं मीटर उघडं पडतं. त्या दिवशी फोनमधून चार फोटो काढावेत. खांबावरून घरात येणारी तार, मीटर आणि त्यापुढचा बोर्ड, गॅसची नळी आणि रेग्युलेटर, आणि घराभोवती तणस कुठे आहे ते. फोटो गावाबाहेरच्या एखाद्या नातलगाला पाठवून ठेवावेत, कारण फोनही जळतो. तार लोंबत असेल तर 1912 वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक त्याच फोटोखाली लिहावा.

या चार फोटोंनी आग विझणार नाही. पण तलाठी राखेत उभा राहून ‘शॉर्टसर्किट’ लिहू लागेल, तेव्हा घरातल्या माणसाला फोन पुढे करून विचारता येईल : साहेब, मीटरच्या अलीकडचं की पलीकडचं?